नगरमहालातलं चुकांचं पुस्तक

इटलीहून परतल्याला दीड वर्ष होऊन गेलं. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलं?" मी मनोरा सांगतो, धुकं सांगतो, रश्शात शिजवलेल्या सारण भरलेल्या शेवयांसारखं काहीतरी खाल्लं ते सांगतो, आणि थांबतो. बायको म्हणते, "मी गेली असती ना, तर अजून बोलतच राहिली असती." तिचं बरोबर आहे. पण मी तिथं जे खरं पाहिलं ते सांगायचं, तर त्याआधी इथलं काहीतरी सांगावं लागतं. ते मी सात वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून ते आधी सांगून टाकतो.

मी नागपुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल. आमच्याकडून एकदा एक जुनं पाली व्याकरण नाहीसं झालं. दुसरी प्रत मिळणं कठीण. ते शेवटी वाचायला घेतलं होतं श्रावण गजभिये नावाच्या वाचकानं. श्रावण कापडगिरणीत कामाला, राहायला इंदोऱ्यात, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला. "वंदना पाठ आहे साहेब," तो म्हणायचा, "पण शब्द न् शब्द समजून म्हणाची आहे." वार्षिक पडताळणीत व्याकरण सापडलं नाही तेव्हा कार्यकारिणीनं मला विचारलं, शेवटी कुणाकडे होतं? मी श्रावणचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्यानं ते घेतलं त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर परत ठेवलं होतं, एवढं मात्र मी सांगितलं नाही. परतीची नोंद करायला मी विसरलो होतो, आणि विसरलो असं कबूल करायचं नव्हतं. श्रावणचं सभासदत्व रद्द झालं. 'ग्रंथ गहाळ केल्याबद्दल' म्हणून त्याचं नाव दर्शनी फळ्यावर लागलं.

तीन वर्षांनी व्याकरण मला सापडलं. आमच्याच कपाटात. ते होतं तिथंच मी परत ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

एवढं पोटात ठेवून मी विमानात बसलो. जुन्या ग्रंथांची डागडुजी शिकायला सहा आठवड्यांसाठी माझी निवड झाली होती. माझ्या गोपनीय अहवालात 'सचोटी: निःसंशय' असा शेरा होता, त्याचाही उपयोग झाला म्हणे.

धुकं आणि माकडटोपी

बोलोन्याहून समुद्राच्या बाजूला जाणाऱ्या गाडीनं तासाभरात मला एका लहानशा गावी उतरवलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या दोघांबद्दल लिहिणार आहे त्यांना विचारलेलं नाही.

आणीबाणी उठून दीडेक वर्ष झालं होतं. महिना नोव्हेंबरचा. ऊन कसं असतं हे नागपूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको, पण धुकं? हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. पहिल्या सकाळी बायकोनं विणून दिलेली माकडटोपी मी डोळ्यांपर्यंत ओढली, वर मफलर गुंडाळला, खांद्याला शबनम पिशवी लावली आणि अंदाजानं गावच्या चौकाकडे निघालो. सिव्हिल लाइन्सात डिसेंबरच्या सकाळी असे शंभर म्हातारे फिरताना दिसतात. कुणी वळूनही पाहत नाही.

इथं धुक्यातून दोन बंदूकधारी शिपाई निघाले आणि एकदम ओरडले. मी "नमस्कार" म्हणालो. ते आणखी ओरडले. त्याच वर्षी तिकडे एका मोठ्या पुढाऱ्याला पळवून नेऊन मारलं होतं, आणि नगरपालिकेच्या दाराशी तोंड झाकलेला माणूस पिशवी घेऊन येतो याचा अर्थ तिथं एकच होत होता, हे मला फार उशिरा कळलं. मी हात वर केले. पिशवी घसरून खाली पडली, त्यातून लिंबाच्या लोणच्याची बरणी गडगडत शिपायाच्या बुटाशी गेली. त्यानं ती बुटानं थांबवली आणि खुणेनं सांगितलं, टोपी काढ. मी काढली. आत थंडीनं लाल झालेलं नाक, टक्कल आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर निघाला. शिपायाला हसू फुटलं.

तेवढ्यात सायकलवरून एक ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई आल्या आणि शिपायांवरच तुटून पडल्या. मग माझ्याकडे वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "प्रोफेसोरे, तुम्ही माझे आहात. मी याला सांगितलं, हा बॉम्ब नाही, ग्रंथपाल आहे. तो म्हणतो, फरक कसा ओळखायचा?"

या एल्दाबाई, तिथल्या नगरग्रंथालयाच्या प्रमुख. मी प्रोफेसर नाही हे त्यांना पुष्कळदा सांगितलं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. इंग्रजी त्या लढाईच्या वेळी शिकल्या. "मी सोळा वर्षांची होते. तुमची हिंदी पलटण आमच्या नदीवर महिनोन् महिने बसली होती. शिपाई तव्यावर पियादिना भाजायचे, पण चरबी न घालता. आई म्हणायची, बिचारे फार गरीब दिसतात."

पियादिना म्हणजे त्या मुलखातली जाड पोळी. त्या दुपारी पहिल्यांदा खाल्ली. लोणच्याबरोबर. एल्दाबाईंनी लोणच्याची फोड जिभेला लावली, डोळे मिटले आणि मग म्हणाल्या, "आता कळलं, ते शिपाई इतके दिवस थंडीत कसे टिकले."

राजा नसलेला राजवाडा

अकराच्या सुमाराला धुकं वरून विरायला लागलं. म्हणजे आधी आकाशात नुसतं एक घड्याळ दिसलं. मग त्याखाली विटांचा मनोरा, मग कंगोरे, मग उंच खिडक्यांची रांग, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवर कमानी. वरून खाली, कुणी पडदा सोडत यावा तसा तो वाडा माझ्यासमोर उतरला. मी चौकाच्या मधोमध उभा होतो. टोपी हातातच होती, ती पुन्हा घालायचं सुचलं नाही.

"पालात्सो," एल्दाबाई म्हणाल्या. राजवाडा.

"कुठल्या राजाचा?"

"राजाचा नाही. गावाचा."

मला वाटलं, त्यांचं इंग्रजी अडलं. आमच्याकडे वाडे भोसल्यांचे. शहराच्या अख्ख्या भागालाच महाल म्हणतात. पण इथं सातशे वर्षांपूर्वी विणकर, चांभार, सावकार, दस्तऐवज लिहिणारे अशा लोकांनी एकत्र येऊन हा वाडा बांधला होता. कशाला? "भांडायला," एल्दाबाई म्हणाल्या. "रस्त्यात भांडलं की माणसं मरतात. म्हणून भांडायला एक छप्पर बांधलं."

कमानीखाली दगडी भिंतीत काही आकार कोरलेले होते. एक वीट, एक कौल, आणि लोखंडी पट्टीची एक लांबी. ही गावाची मापं. वीटवाल्यानं लहान वीट दिली, कापडवाल्यानं हात आखडला असं वाटलं, तर माल उचलून इथं आणायचा आणि भिंतीला लावून पाहायचा. कुणाला विचारायचं कारण नाही, अर्ज नाही, साहेब जागेवर असण्याची गरज नाही. कौलाच्या खाचेची कड इतक्या शतकांच्या हातांनी गुळगुळीत झाली होती. मी तिथं तळवा ठेवला. दगड थंड होता. का कोण जाणे, हात लगेच काढून घेतला.

जिना रुंद आणि पायऱ्या बुटक्या; घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. वरच्या मजल्यावर एका दालनाच्या चारही भिंती चित्रांनी भरलेल्या. संत, देवदूत, तटबंदीचं गाव, नांगर धरलेला शेतकरी, आणि छतावर सोनेरी चौकटींत निळं आकाश. मी मान वर करून उभा होतो आणि खालून ठाक ठाक असा ओळखीचा आवाज येत होता. पाहिलं तर रबरी शिक्क्याचा. त्या आकाशाखाली एक कारकून बसला होता आणि समोर एक तरुण जोडपं रडक्या तान्ह्या पोराला घेऊन त्याच्या जन्माची नोंद करत होतं. दर मंगळवारी इथं हेच चालतं म्हणे. ज्या दालनाचे फोटो काढायला जग येतं, तिथं गावातल्या पोराचं नाव लिहिलं जातं. बाप अक्षरं सांगत होता, कारकून लिहीत होता, आई पोराला चित्रातलं गाढव दाखवत होती. मला भरून आलं. मी छताकडेच पाहत राहिलो, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

ग्रंथालय त्याच्यावरच्या मजल्यावर. अक्रोडाच्या लाकडाची, छतापर्यंत गेलेली कपाटं. खांबांवर फिरणाऱ्या शिड्या. मोठ्या खिडकीतून धुक्यातून गाळलेला उजेड लांबलचक टेबलावर पडलेला, आणि त्या टेबलावर शाळेतल्या सात-आठ मुली वह्या पसरून गणितं करत होत्या. त्यांच्या मागच्या कपाटात पाचशे वर्षांचे ग्रंथ. कपाटांना जाळीची दारं होती, पण कुलपं दिसेनात.

"किल्ल्या कुठं असतात?" मी विचारलं. माझा जुडगा तिथंही सवयीनं पँटच्या खिशात होता.

"दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीला एक आहे. बाकी कशाला?"

"पुस्तक गेलं तर जबाबदार कोण?"

"मी," एल्दाबाई म्हणाल्या. मुलींना आवाज कमी करा म्हणून त्यांनी टेबलावर टिचकी मारली आणि पुढे चालू लागल्या.

धुण्याच्या हौदावरचं वाचनालय

दुसऱ्या आठवड्यात त्या मला गावाबाहेरच्या कामगारवस्तीत घेऊन गेल्या. नगरपालिकेनं वस्त्यावस्त्यांत छोटी वाचनालयं उघडली होती. हे एक होतं जुन्या धुणंघरात. पूर्वी सगळ्या वस्तीच्या बायका इथं धुणं धुवायच्या. घरोघरी यंत्रं आली, हौद ओस पडला. मग वर काचेचं छप्पर घातलं, भिंतींना फळ्या ठोकल्या, आणि मधला लांब दगडी हौद तसाच ठेवला. त्याच्या काठावर पोरं बसून चित्रांची पुस्तकं वाचत होती.

पाळी सुटली आणि कारखान्यातली माणसं थेट आत शिरली. निळे डगले, कोपरापर्यंत वंगण. मी एल्दाबाईंना म्हणालोसुद्धा, "पुस्तकं खराब होतील!"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. दाराशी हौदाचा एक तुकडा चालू ठेवलेला होता. गरम पाण्याची तोटी, साबणाची वडी, खुंटीला टॉवेल. माणसं रांगेनं हात धूत होती, थट्टामस्करी करत होती, आणि मग ओल्या केसांनी फळ्यांकडे जात होती. एका दांडग्या माणसानं पुस्तक आणून टेबलावरच्या पोरीच्या हातात दिलं, तिनं शिक्का मारून त्याच्या हातात दिलं, तो तिला काहीतरी बोलला, ती हसली. बस.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

श्रावण गिरणीतून यायचा तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे तंतू असत. आमच्याकडे मागे नळ होता. त्यावर तो हात धुऊन, धोतराला नव्हे, वेगळ्या आणलेल्या रुमालाला पुसून यायचा. कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी त्याला दाराजवळचं बाक दिलं होतं. आणि दुसरीही एक गोष्ट. इतर वाचकांना मी पुस्तक हातात देत असे. श्रावणसाठी ते टेबलावर ठेवत असे, तो उचलून घेत असे. मी जातपात मानत नाही, असं मी तेव्हाही म्हणत होतो, चार लोकांत भाषणातसुद्धा म्हणालो आहे. हात मात्र आपला आपण टेबलाकडे वळायचा. कार्यकारिणीनं विचारलं तेव्हा त्याचंच नाव माझ्या तोंडात इतकं सहज का आलं, हे मला त्या धुणंघरात उभं राहून कळलं. त्याच्याआधी कळलं नव्हतं असं नाही. पाहायचं टाळलं होतं.

"प्रोफेसोरे, बरं वाटत नाही का?" एल्दाबाईंनी विचारलं.

"थंडी," मी म्हणालो.

नेल्लोच्या टेबलावर

माझं खरं शिक्षण वाड्याच्या पोटमाळ्यावर झालं. तिथं नेल्लो हा म्हातारा बाइंडर बसे. त्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, मला इटालियनचा. पण आठ-आठ पानांच्या घड्या, ज्यांना आमचे बाइंडर जुज म्हणतात, त्या दोऱ्यानं कण्याशी शिवायच्या, हे काम दोन्हीकडे एकच. त्याची बोटं सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, न पाहता चालत. चुकलं की तो जिभेनं च्च करी आणि माझा हात धरून योग्य जागी नेई. धरून. पहिल्या दिवशी मी दचकलो होतो.

तो मला आधी उसवायला शिकवी. बाहेरून एक दिसणाऱ्या ग्रंथात पुष्कळदा दोन-तीन निघत. पूर्वी पातळ पुस्तकं खर्च वाचवायला एकत्र बांधून टाकत. एल्दाबाई म्हणाल्या, "कण्यावर नाव एकाचंच. दुसरी बिचारी आत बुडाली. शंभर वर्षं लोक शोधतात आणि ती इथंच."

माझा दोरा हातात तसाच राहिला.

आमचं पाली व्याकरण असंच बुडालं होतं. सारख्या आकाराची पातळ पुस्तकं जोडीजोडीनं बांधायची, म्हणजे कापड वाचतं, हा नियम मीच काढलेला. श्रावणनं परत दिल्यावर व्याकरणाची पाठ सुटलेली दिसली, म्हणून मी ते बाइंडरच्या गठ्ठ्यात टाकलं. यादी केली नाही. आमच्या बाइंडरला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं माप पाहून ते कपाशीवरच्या बोंडअळीच्या एका अहवालामागे बांधलं. कण्यावर सोनेरी अक्षरांत बोंडअळी. तीन वर्षांनी एका शेतकी अधिकाऱ्यानं तो अहवाल मागितला म्हणून मी उघडला, आणि चाळीस पानांनंतर अळी संपून पाली सुरू झालं.

त्या दुपारी माझं लक्ष उडालं ते उडालंच. गावाच्या पंचांच्या जुन्या ठरावांच्या एका वहीचा एक अख्खा जुज मी उलटा शिवला. दुसऱ्या दिवशी सरस वाळल्यावर नेल्लोला दिसलं. मी माफी मागायला लागलो, हात जोडले. नेल्लोनं खांदे उडवले, उठला, कपाटातून चामड्याच्या पाठीची एक जाड वही काढली, माझ्यासमोर उघडली आणि पेन हातात दिलं.

मी एल्दाबाईंना बोलावलं. "हे काय?"

"चुकांचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "वाचकांच्या नाही. आमच्या. इथं काम करणाऱ्यानं चूक केली की स्वतःच्या हातानं लिहायची. ही तिसरी वही. पहिली दोनशे वर्षांपूर्वीची."

त्यांनी मला वाचून दाखवलं. कुणी लिहिलं होतं, हा डाग गळत्या छपराचा नाही, खिडकी मी उघडी ठेवून जेवायला गेलो. कुणी लिहिलं होतं, पान फाडल्याबद्दल मी शाळामास्तरांना सर्वांसमोर बोललो, पान छापतानाच आलेलं नव्हतं, काल मी त्यांच्या घरी जाऊन आलो. खुद्द एल्दाबाईंच्या सात नोंदी होत्या. "आठवी लवकरच," त्या म्हणाल्या.

खालच्या मजल्यावर ते सोनेरी छत होतं, बाहेर तो मनोरा. पण त्या वाड्यात मी सगळ्यात थक्क झालो ते या वहीसमोर. दोनशे वर्षं माणसं आपापल्या चुका सुबक अक्षरांत, पुढच्यांना वाचता याव्यात म्हणून लिहून ठेवत होती, आणि वाडा पडला नव्हता.

"कुठल्या भाषेत लिहू?"

"तुमच्या. चूक तुमची आहे."

मी बसलो. चार ओळींत उलट्या जुजाचं लिहिलं. पेन थांबेना. श्रावणचं लिहिलं, टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचं लिहिलं, बोंडअळीचं लिहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा. खाली सही केली आणि इतकं हलकं वाटलं की नेल्लोला मी आपण होऊन कॉफी पाजली.

दीड पान

संध्याकाळी एल्दाबाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "प्रोफेसोरे, एक जुज उलटा शिवला हे सांगायला तुमच्या भाषेत दीड पान लागतं?"

मी हसून वेळ मारून नेणार होतो. पण त्या हसत नव्हत्या. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग मी सगळं सांगितलं, इंग्रजीत, अडखळत. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "तो माणूस जिवंत आहे?"

"आहे. आमच्याच शहरात."

पानावरचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं तरी त्या बोटानं ओळी मोजल्यासारख्या करत होत्या.

"हे इथं का लिहिलंत?"

मी वही मिटायला गेलो, त्यांनी बोट काढलं नाही.

"इथं कुणाला वाचता येणार नाही म्हणून?"

मला वाटलं होतं, या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवतील. तिथली माणसं उठल्यासुटल्या ठेवतात. त्यांनी ठेवला नाही. त्या रागावल्या होत्या, आणि माझ्यावर असं कुणी त्या कारणानं रागावण्याची मी सात वर्षं वाट पाहत होतो.

"या वहीत खाडाखोड करत नाहीत," त्या म्हणाल्या, "नाहीतर मीच फाडलं असतं." त्यांनी पेन काढलं आणि माझ्या चार ओळींनंतर एक रेघ मारून समासात इटालियनमध्ये काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"इथून खालचं या घराचं नाही."

उरलेल्या तीन आठवड्यांत त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या. निघताना स्टेशनवर पियादिना बांधून दिल्या, चरबी न घातलेल्या. विषय पुन्हा काढला नाही.

इंदोरा

परतल्यावर पहिल्या रविवारी जुन्या सभासद-पत्रावरच्या पत्त्यावर गेलो. श्रावणनं गिरणी सोडली होती. आता हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. कानशिलांवर पांढरे केस आलेले. मला पाहून तो क्षणभर दारातच उभा राहिला, मग म्हणाला, "या साहेब." आणि आत पाहून, "चहा ठेव वं."

चहा आला. मी सांगायला लागलो. सगळं सांगितलं, टेबलाचंही. कप तसाच राहिला, वर साय धरली.

पहिल्यांदा त्याची बायको बोलली. दारात उभी होती. "माझी पोरगी दुसरीत होती, साहेब. वर्गातले पोरं तिले चोराची पोरगी म्हणत. ती मले विचारे, बाबानं काहून घेतलं वं? मी काय सांगू?"

"थांब वं," श्रावण म्हणाला. माझ्याकडे वळला. "माझं नाव फळ्यावर किती दिवस होतं?"

"पंधरा. नियमच तो आहे."

"सोळा. पंधराव्या दिवशी इतवार होता, तुमच्या माणसानं काढलं नाही. मी रोज पाहून जात होतो. मले माफीगिफी नको साहेब. इथं घरात बसून सांगून राहिले, ते कोण ऐकते? जिथं माझं नाव लागलं होतं तिथं लावा. सोळा दिवस. एक कमी नाही, एक जास्त नाही."

आमच्या अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. "अहो, काहून गाडलेली मढी उकरता? त्या माणसाला खासगीत पत्र द्या, सभासदत्व द्या, संपलं!" निवेदन फळ्यावर लावायच्या परवानगीचा अर्ज मी लिहूनच नेला होता. बराच वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." मी म्हणालो, तेच तर. चौकशी बसली ती वेगळी. तिचं काय व्हायचं ते झालं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

निवेदन मी टंकलिखित करून फळ्यावर लावलं. व्याकरण कधीच गहाळ झालं नव्हतं, ते श्री. श्रावण गजभिये यांनी त्याच दिवशी परत केलं होतं, दोष सर्वस्वी ग्रंथपालाचा, ग्रंथपालाला हे चार वर्षं ठाऊक होतं. खाली सही आणि हुद्द्याचा शिक्का. वाचक थांबून वाचत आणि मग आत येताना माझ्या टेबलाकडे न पाहता जात. एका निवृत्त मास्तरांनी मात्र पाहिलं, आणि पुस्तक माझ्या हातून न घेता बोटानं टेबल दाखवलं, तिथं ठेवा.

श्रावण रोज आला. कंपनीची बस चौकात थांबायची, तो दोन मिनिटं फळ्यासमोर उभा राहायचा, जायचा. आत आला नाही.

सतराव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा तो पायरीवर होता. आत आला, स्वतःच्या नखानं चारही टाचण्या उपसल्या, कागद हातात घेऊन पुन्हा एकदा पूर्ण वाचला.

"हा मी घरी नेतो," तो म्हणाला. "पोरगी आता नववीत आहे. तिले मी तोंडानं सांगतलं होतं का मी नाही घेतलं. आता कागद दाखवतो."

"न्या. अवश्य न्या."

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. कागद माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर बोट टेकवलं.

"इथं नुसतं ग्रंथपाल आहे. सही तर कोणाच्या बापालेही वाचता येणार नाही. पोरगी विचारन, कोण हा माणूस? नाव लिवून द्या. पुरं."

बाहेर बसचा भोंगा वाजत होता. मी पेनाचं टोपण काढलं आणि सहीच्या खाली, शाळेतल्या पोरीला वाचता येईल अशा सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मनोहर विठ्ठल कोंडावार.